डोंगरमाथ्यावरचं पीट कसं वाचावं: जुनी झाडी, जुन्या आगी आणि माणसाच्या पहिल्या खुणा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डार्टमूर हे ग्रॅनाइटचं पठार आहे. त्याची सर्वांत उंच जागा ६२१ मीटरवर. चहूकडे हेदरची झुडपं, खुरटं गवत, ओली काळी माती आणि वारा. पाहणाऱ्याला वाटतं, या मुलखाला माणसाचा हात कधी लागलाच नसावा. निलगिरीच्या माथ्यावर नेमका उलटा समज रुजला होता. दऱ्यांच्या कुशीत शोला जंगल आणि उतारांवर गवत असं दृश्य पाहून अनेकांनी ठरवून टाकलं की मूळचं जंगल माणसाने जाळलं, तोडलं आणि कुरणं केली. पीटने, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या थरांनी, हे दोन्ही समज हलवले. डार्टमूरवर ओक आणि हेझलची झाडी बरीच वरपर्यंत होती आणि ती हटण्यात आगीचा, माणसाचा आणि गुरांचा वाटा होता. निलगिरीत मात्र सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेतीचा मागमूसही नव्हता तेव्हा, गवत भरपूर होतं.

म्हणून या कामात माझा आग्रह एकच आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या भूप्रदेशावरून निष्कर्ष काढू नका, आणि पीटमधल्या एकट्या पुराव्यावरूनही काढू नका. एकाच खोलीवर, एकाच काळात, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन-तीन खुणा जुळल्या तरच माणसाचं नाव घ्यावं. खाली दिलेली कामाची सगळी पद्धत या जुळणीसाठीच आहे. भूगोल, वनस्पतिशास्त्र किंवा पुरातत्त्व शिकणाऱ्या आणि असं काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे.

पीट नोंद का ठेवतं

जिथे पाणी सतत साचतं तिथे प्राणवायू पोचत नाही, माती आम्लधर्मी होते आणि मेलेली वनस्पती पूर्ण कुजत नाही. वर्षानुवर्षं एकावर एक थर चढत जातात. डोंगरी पीटमध्ये एका सेंटिमीटरात साधारण १० ते ५० वर्षं दाबलेली असतात, आणि या दराला जागेनुसार अपवादही आहेत. वाऱ्याने आलेले परागकण, आगीतून उडालेला कोळसा, शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू, ज्वालामुखीची राख असं सगळं त्या थरांत अडकतं. परागकणांचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की हजारो वर्षांनंतरही त्याची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, परागकणांच्या टक्केवारीचे आलेख मांडले. आजही आपण त्याच आलेखाची सुधारलेली आवृत्ती काढतो.

पहिलं काम: प्रश्न लहान करा

‘डार्टमूरवर माणसाचा परिणाम कधी सुरू झाला?’ हा कोअरला, म्हणजे पीटमधून काढलेल्या उभ्या नमुन्याला, विचारण्याजोगा प्रश्न नाही. ‘या ओढ्याच्या उगमाभोवती हेझल कमी झाली ती कोळशाच्या थराआधी की नंतर?’ हा आहे. प्रश्न असा घट्ट केला की किती मोठी दलदल हवी, नमुने किती अंतराने घ्यायचे, पैसे कालमापनावर खर्च करायचे की सूक्ष्मदर्शकाच्या तासांवर, या गोष्टी आपोआप ठरत जातात. मोठ्या प्रश्नावर खणलेले कोअर वर्षानुवर्षं शीतकपाटात पडून राहतात.

जागा निवडताना

दलदल जितकी मोठी, तितके परागकण दुरून येतात. शेकडो मीटर रुंदीच्या मोकळ्या दलदलीत सगळ्या परिसराची सरासरी सापडते. झाडीतल्या दहा-वीस मीटरच्या खळग्यात मात्र आसपासच्या झाडांचंच राज्य असतं. सुरुवातीच्या माणसांचे हस्तक्षेप बहुधा छोटे होते: एखादी मोकळी केलेली जागा, एखादा जाळलेला उतार. मोठ्या दलदलीत ते सरासरीत बुडून जातात. त्यामुळे सुरुवातीचा मानवी परिणाम शोधायचा असेल तर लहान जागा घ्या, आणि एकापेक्षा जास्त घ्या.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे उत्तर यॉर्कशायरच्या मूरवरचं (उंच, उघड्या माळावरचं) नॉर्थ गिल. इयन सिमन्स, जेम्स इनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ओढ्याच्या कडेने अनेक ठिकाणचं पीट तपासलं. काही थर त्यांनी मिलिमीटरच्या अंतराने कापले. मध्याश्मयुगातल्या (शेतीआधीच्या, शिकार-संकलनाच्या काळातल्या) आगी आणि झाडीतली मोकळी जागा कुठवर पसरली होती हे त्यामुळे ठिकाणागणिक ताडून पाहता आलं. एकच कोअर असता तर ‘इथे आग लागली होती’ एवढंच म्हणता आलं असतं.

आणखी काही गोष्टी प्रत्यक्ष जाऊनच तपासाव्या लागतात. जळणासाठी पीट कापलेल्या जागा टाळा. तिथे वरचे हजार-दीड हजार वर्षांचे थर गायब असू शकतात आणि वर नव्याने वाढलेलं शेवाळ ते झाकून टाकतं. घळी पडलेल्या कडा, उतार आणि खालून झरा फुटणाऱ्या जागांमध्ये थर सरकलेले किंवा बाहेरून आलेल्या गाळाने बिघडलेले असतात. निलगिरीत बऱ्याच दलदलींचा निचरा करून भाजीपाल्याची शेती झाली आहे, तेव्हा वरचा भाग नांगरलेला नाही ना, हे स्थानिक शेतकऱ्यांना विचारल्याशिवाय पहारसुद्धा टेकवू नका.

आपल्याकडे सह्याद्रीत असं पीट मिळेल का, असा प्रश्न मराठी विद्यार्थी हमखास विचारतात. कासच्या सड्यावर जांभ्यावरचा मातीचा थर अगदी पातळ असतो आणि उन्हाळ्यात तो खडखडीत वाळतो. पीट साचायला पाणी बारमाही लागतं. महाराष्ट्रात हजारो वर्षांची सलग नोंद हवी असेल तर तळ्यांच्या गाळाकडे वळावं लागतं. लोणार सरोवराच्या गाळातून साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ दुष्काळाचा माग लागला आहे. खाली दिलेल्या पद्धती थोड्या फरकाने तळ्याच्या गाळालाही लागू पडतात.

परवानग्या

याला दोन-तीन महिने धरा. निलगिरीत तमिळनाडू वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत नियम आणखी कडक आहेत. डार्टमूरवर जमिनीचा मालक, राष्ट्रीय उद्यान प्राधिकरण आणि संरक्षित जागांसाठी नॅचरल इंग्लंड ही निसर्गसंवर्धन संस्था, अशा तिघांशी बोलावं लागतं. पठाराच्या उत्तर भागात लष्कराचा गोळीबार-सराव चालतो. त्याचं वेळापत्रक आधी जाहीर होतं आणि सरावाच्या दिवशी लाल निशाण फडकतं. निशाण दिसत असताना आत जायचं नाही. कोणत्याही पुरातन अवशेषाजवळ खणायचं असेल तर पुरातत्त्व खात्याशिवाय पुढे जाऊ नका.

तळ कुठे आहे ते शोधा

कोअर काढण्याआधी जोडता येणाऱ्या लोखंडी सळया घेऊन दलदल टोचत फिरा. पाच किंवा दहा मीटरच्या चौकटीत प्रत्येक बिंदूवर सळई कुठवर जाते ते लिहा. पीटमधून सळई मऊ जाते, चिकणमातीला अडखळते, दगडाला लागली की हाताला कळतं. या नोंदींवरून तळाचा नकाशा काढा. सर्वांत खोल बिंदूवर बहुधा सर्वांत जुनी आणि सलग नोंद असते.

हे काम कंटाळवाणं वाटलं तर आयर्लंडच्या मेयो परगण्यातले सेइडे फील्ड्स आठवा. १९३० च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड या शाळामास्तरांच्या लक्षात आलं की पीट कापताना खाली दगडांच्या रांगा लागतात, आणि पीट त्या दगडांवर साचलंय म्हणजे रांगा त्याआधीच्या असणार. पुढे त्यांचा मुलगा शेमस कॉलफील्ड यांनी सळयांनी टोचत टोचत पीटखाली गाडल्या गेलेल्या शेतांच्या बांधांचा मोठा नकाशा उभा केला. कुदळ जवळजवळ न लावता.

कोअर काढणं

पीटसाठी रशियन कोअरर हे सर्वांत विश्वासाचं अवजार. त्याच्या टोकाला अर्धगोल कप्पा असतो, बहुधा ५० सेंमी लांबीचा. बंद अवस्थेत हव्या त्या खोलीपर्यंत ढकलायचा, मग दांडा अर्धा फिरवायचा. कप्पा बाजूचं पीट कापून आत घेतो आणि बंद होतो. वरचं पीट खाली ओढलं जात नाही हा त्याचा मोठा गुण.

एकाच भोकातून सलग तुकडे काढू नका. कोअररचं टोक खालच्या काही सेंटिमीटरांची खराबी करतं. अर्ध्या मीटरच्या अंतरावर दोन भोकं घ्या आणि आलटून पालटून, प्रत्येक तुकड्यात १० सेंमीचा दुहेरी भाग ठेवत खाली जा. वरचं तीस-चाळीस सेंटिमीटर इतकं मऊ असतं की कोअररमध्ये ते चेपतं. तिथे धारदार सुरीने चौकोनी ठोकळा कापून काढा. कुठे ओढ्याने किंवा जुन्या खणकामाने पीटची भिंत उघडी पडली असेल तर पत्र्याचा लांबट डबा तिच्यात ठोकून अख्खा ठोकळा काढता येतो, आणि बारीक अंतराने नमुने घ्यायला हाच सर्वांत चांगला. भिंत साफ करताना सुरी नेहमी आडवी फिरवा. उभी फिरवलीत तर वरचे परागकण खालच्या थरावर लिंपले जातात.

तुकडा बाहेर आला की त्याचा लगेच फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या नळीत सरकवा, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि जागेचं नाव, भोकाचा क्रमांक, वरची खोली, खालची खोली, ‘वर’ दाखवणारा बाण हे सगळं पुसलं न जाणाऱ्या शाईने दोन ठिकाणी लिहा. वर-खाली उलटलेला कोअर नंतर ओळखणं फार अवघड असतं. ४ अंश सेल्सिअसला, अंधारात ठेवा.

हाताने आणि डोळ्याने वाचन

प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी रसायनांकडे धावायचं नाही. कोअर उघडा, पृष्ठभाग हलकेच खरवडा आणि ताजा रंग हवेने काळवंडण्याआधी वर्णन लिहा. स्फॅग्नम शेवाळ आहे की लव्हाळ्याचे तंतू, लाकडाचे तुकडे, वाळूची रेघ, काळा कोळशाचा पट्टा. त्यासाठी ट्रोल्स-स्मिथ यांची १९५५ ची वर्णनपद्धत वापरतात. पीट किती कुजलंय हे ठरवायला फॉन पोस्टची मुठीत पिळायची परीक्षा अजूनही कामाची आहे. स्वच्छ पाणी निघालं तर एच-१, सगळं पीट बोटांमधून चिखलासारखं निसटलं तर एच-१०.

मग दर एक-दोन सेंटिमीटरवर छोटा नमुना वाळवून ५५० अंशांवर जाळा. वजनातली घट म्हणजे सेंद्रिय भाग. शुद्ध पीटमध्ये ती नव्वद टक्क्यांच्या वर असते. ती अचानक घसरली तर वरच्या उतारावरून माती वाहून आली आहे. माती का सुटली, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा, उत्तराची घाई नको.

काळ ठरवणं

सगळ्या पद्धतीत हा टप्पा सर्वांत महाग आहे, आणि याच टप्प्यावर काटकसर केली की बाकीचं सगळं काम डळमळतं. कार्बन-१४ चा अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षं. त्वरक यंत्राने मोजायचं तर काही मिलिग्रॅम कार्बन पुरतो, त्यामुळे नमुना निवडायचं स्वातंत्र्य मिळतं. ते वापरा. स्फॅग्नमची पानं-देठं, बिया, हेदरची पानं असे जमिनीच्या वर वाढलेले भाग सुईसारख्या चिमट्याने वेचा. मुळं कटाक्षाने टाळा, कारण ती वरून खाली शिरलेली असतात आणि थरापेक्षा तरुण असतात. ओळखण्याजोगा भाग मिळालाच नाही, तर पीटच्या एक सेंटिमीटर जाडीच्या चकतीतले विद्राव्य आणि अविद्राव्य अंश वेगळे तारखित करून दोन्ही जुळतात का ते पाहा. भारतात दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सेलरेटर सेंटर आणि अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी इथे अशी सोय आहे.

मिळालेली संख्या ही सरळ वर्षं नव्हेत. वातावरणातला कार्बन-१४ काळानुसार बदलत आला आहे, म्हणून उत्तर गोलार्धासाठी इंटकॅल२० या वक्राशी ती जुळवावी लागते. इ.स.पू. ८०० ते ४०० या टप्प्यात हा वक्र जवळजवळ सपाट आहे. त्या काळातली एकटी तारीख चारशे वर्षांत कुठेही बसू शकते, तिथे वर-खाली जवळजवळ अनेक तारखा घ्याव्या लागतात. सगळ्या तारखांतून खोली आणि काळ यांचं नातं बांधायला बेकन किंवा ऑक्सकॅल ही संगणकप्रणाली वापरा, आणि प्रत्येक खोलीच्या वयासोबत अनिश्चिततेची पट्टीही आलेखात छापा.

अलीकडच्या दीडशे वर्षांसाठी शिसं-२१० उपयोगी पडतं, आणि अणुचाचण्यांमुळे सीझियम-१३७ चा शिखरबिंदू १९६३ च्या आसपास येतो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या पीटमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखींची डोळ्यांना न दिसणारी राख सापडते. हेक्ला-४ हा इ.स.पू. २३०० च्या सुमाराचा थर सापडला तर दूरदूरचे कोअर एकमेकांशी पक्के जोडता येतात. निलगिरीत वेगळीच खूण हाती लागते. उटी वसली १८२० च्या दशकात, आणि १८४० च्या दशकापासून ऑस्ट्रेलियातून आलेली निलगिरी (युकॅलिप्टस) आणि वॉटल ही झाडं तिथे लावली जाऊ लागली. त्यांचे परागकण जिथे सुरू होतात तिथून वरचा थर त्यानंतरचा. मात्र निलगिरीचं झाड जांभळाच्या कुळातलं आहे आणि शोलात जांभळाचे स्थानिक भाऊबंद भरपूर आहेत, तेव्हा संदर्भाच्या स्लाइड शेजारी ठेवल्याशिवाय हा निवाडा करू नका.

परागकण वेगळे करणं

दर नमुन्याला १ घनसेंमी पीट. त्यात लायकोपोडियमच्या बीजाणूंची गोळी टाका, जिच्यातली बीजाणूसंख्या पुरवठादाराने छापलेली असते. गोळी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते. मग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून ह्युमिक (कुजण्यातून बनलेले तपकिरी) पदार्थ काढायचे, बारीक जाळीतून गाळायचं, वाळू असेल तर हायड्रोफ्लोरिक आम्ल, आणि शेवटी अ‍ॅसिटोलिसिस: नऊ भाग अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड, एक भाग तीव्र गंधकाम्ल.

इथे दोन धोके आहेत. अ‍ॅसिटोलिसिसचं मिश्रण पाण्याशी आलं की उसळतं, म्हणून त्याआधी नमुना ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लाने धुऊन पाणी पूर्ण काढा. आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करतं, सुरुवातीला दुखतही नाही. योग्य धूरकपाट, योग्य हातमोजे, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि शेजारी अनुभवी माणूस नसेल तर ही पायरी करूच नका. शुद्ध पीटला बहुतेकदा तिची गरजही पडत नाही.

उरलेला साका सिलिकॉन तेलात ठेवून स्लाइड बनवा आणि ४०० पट मोठं करून मोजा. जमिनीवरच्या वनस्पतींचे किमान ३०० ते ५०० परागकण प्रत्येक स्तरात. दलदलीतच वाढणारं स्फॅग्नम आणि लव्हाळी या बेरजेत धरू नका, नाहीतर दलदलीच्याच वनस्पती साऱ्या परिसराची टक्केवारी हलवून टाकतात. सोबत लायकोपोडियमही मोजा. समजा गोळीत १८,५०० बीजाणू होते, तुम्हाला १५० दिसले आणि परागकण ३०० मोजले. तर एका घनसेंटिमीटरात ३०० × १८,५०० ÷ १५०, म्हणजे ३७,००० परागकण. तो सेंटिमीटर साचायला २० वर्षं लागली असतील तर दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाला १,८५० पडत होते. हा आकडा टक्केवारीचा लबाडपणा पकडतो. टक्केवारीत एक वाढलं की दुसरं घटलेलं दिसणारच, मग ते खरोखर घटलेलं असो वा नसो.

सगळ्या वनस्पती सारख्या बोलक्या नसतात. पाइन, बर्च, हेझल वाऱ्यावर परागांचा वर्षाव करतात. कीटकांवर अवलंबून असलेल्या वनस्पती जेमतेम उमटतात. निलगिरीची कुरिंजी १२ वर्षांनी एकदा फुलते, आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची ती सख्खी बहीण. डोंगरच्या डोंगर व्यापणारं हे झुडूप परागकणांच्या आलेखात चिमूटभरच दिसू शकतं. म्हणून जुना थर वाचण्याआधी आजच्या शेवाळात आणि मातीत कोणते परागकण कोणत्या झाडीखाली किती पडतात हे मोजून ठेवा. शिन्या सुगिता यांनी २००७ मध्ये मांडलेलं रिव्हील्स हे प्रारूप परागकणांवरून झाडांनी व्यापलेल्या क्षेत्राचा अंदाज देतं, पण त्याला प्रत्येक वनस्पतीची पराग-उत्पादकता ठाऊक असावी लागते. युरोपसाठी ती बऱ्यापैकी मोजलेली आहे.

आग, शेण आणि ओल

स्लाइडवरचा बारीक कोळसा दूरवरून उडत आलेला असू शकतो. जवळच्या आगीसाठी वेगळा नमुना घेऊन १२५ मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि मोठे तुकडे मोजा. शेणावर वाढणाऱ्या स्पोरोर्मिएला, सोर्डारिया, पोडोस्पोरा या बुरशींचे बीजाणू फार लांब जात नाहीत. ते वाढले तर चरणारी जनावरं जवळ होती. जनावरं पाळीव होती की रानटी, हे मात्र बीजाणू सांगत नाहीत.

दलदल किती ओली होती यासाठी दोन मार्ग. पीटमधून सोडियम हायड्रॉक्साइडने काढलेल्या तपकिरी द्रवातून ५४० नॅनोमीटरचा प्रकाश किती आरपार जातो ते मोजलं तर कुजण्याचं प्रमाण कळतं, आणि टेस्टेट अमीबा या कवचधारी एकपेशीय जीवांच्या कवचांवरून पाण्याची पातळी. याला वेळ द्या. माणसाने केलेला बदल आणि हवामानाने केलेला बदल वेगळे करायचे तर हवामानाची साक्ष परागकणांबाहेरून यायला हवी.

निलगिरीची खास सोय: कार्बनचे समस्थानिक

झाडं आणि बहुतेक झुडपं सी-३ मार्गाने प्रकाशसंश्लेषण करतात. त्यांच्यातल्या कार्बन-१३ चं मूल्य (ठरलेल्या मानकाच्या तुलनेत) सरासरी उणे २७ प्रति हजार. उष्ण भागातली बरीच गवतं सी-४, सुमारे उणे १२.५. दलदल दरीत असेल आणि भोवतालचं गवत-पालापाचोळा तिच्यात येत असेल तर पीटचं मूल्य या दोघांमधलं मिश्रण सांगतं. समजा ते उणे १८ आलं. तर सी-४ चा वाटा ९ भागिले १४.५, म्हणजे साधारण ६२ टक्के.

सुमारे २,२०० मीटर उंचीवरच्या सँडीनल्लासारख्या दलदलींतून रामन सुकुमार, आर. रमेश आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत वापरली. १९९३ मध्ये २०,००० वर्षांची आणि १९९७ मध्ये ४०,००० वर्षांपर्यंत मागे नेलेली नोंद त्यांनी प्रसिद्ध केली. हिमयुगाच्या शिखरावर सी-४ गवताचा जोर, आणि पुढे मान्सून बळकट झाल्यावर सी-३ चा. कुरणं मुळात माणसाची निर्मिती नाहीत, हे यातून ठाम झालं. पुढे तोडा या तिथल्या पशुपालक समाजाच्या म्हशी आणि वणवे यांनी ती टिकवली किंवा वाढवली असतील, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी वेगळे पुरावे लागतात. इंग्रजांनी ही कुरणं पडीक समजून तिथे वॉटल लावलं, तो निर्णय आज किती महागात पडतोय हे निलगिरीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

सावधगिरीचे मुद्दे दोन. हिमयुगात हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्या अर्ध्याहूनही कमी होता आणि त्यानेच सी-४ गवतांना फायदा मिळतो, त्यामुळे सी-४ म्हणजे फक्त कोरडेपणा असं समीकरण मांडू नका. आणि लव्हाळ्यांत दोन्ही प्रकार आढळतात, डोंगरमाथ्यावरची काही गवतंही सी-३ असतात. समस्थानिकांसोबत परागकण बघितल्याशिवाय ‘जंगल’ हा शब्द लिहू नये.

माणसाचं नाव कधी घ्यायचं

ब्रिटनच्या उंच भागात मध्याश्मयुगीन हस्तक्षेपाचा नमुना साधारण असा दिसतो: मोठ्या कोळशाचा थर, त्याच खोलीला हेझल-ओक-बर्चमध्ये घट, गवत, हेदर, ब्रॅकन नेचा आणि मेलॅम्पायरम हे रानरोप यांची वाढ, काही दशकांनी झाडी परत. हे एकदाच दिसलं तर वीज, वादळ किंवा रोगही पुरे असतात. तेच ते ठिकाण पुन्हा पुन्हा, थोड्या थोड्या वर्षांनी जळत असेल, ओल कमी झाल्याची चिन्हं नसतील, आणि त्याच डोंगरावर त्या काळची गारगोटीची हत्यारं सापडली असतील, तर माणसाची बाजू भक्कम होते. ख्रिस केसलडीन आणि जॅकी हॅटन यांनी १९९३ मध्ये डार्टमूरच्या उंच भागाबद्दल असाच युक्तिवाद केला: मध्याश्मयुगातल्या आगींनी हेझलची झाडी मागे हटली आणि उघड्या, ओलावत गेलेल्या जमिनीवर पीट पसरू लागलं. झाडं गेली की ती शोषून घेत आणि हवेत सोडत असलेलं पाणी जमिनीतच राहतं, हा त्यामागचा दुवा. तरीही पीट सुरू होण्याला ओलं हवामान पुरेसं होतं का, हा प्रश्न प्रत्येक जागेवर नव्याने तपासावा लागतो.

नवाश्मयुगासाठी, म्हणजे पहिल्या शेतकऱ्यांच्या काळासाठी, सर्वांत बोधप्रद प्रकरण एल्म वृक्षाचं. वायव्य युरोपभर सुमारे ५,८०० वर्षांपूर्वी एल्मचे परागकण झपाट्याने घसरतात. आधी हवामानाकडे बोट दाखवलं गेलं, मग जनावरांच्या चाऱ्यासाठी फांद्या छाटणाऱ्या शेतकऱ्यांकडे. १९७० च्या दशकात ब्रिटनमधले लाखो एल्म रोगाने मेले आणि रोगाची शक्यता सगळ्यांना एकदम पटू लागली. आज रोग आणि माणूस दोन्ही मिळून असं चित्र मानलं जातं. आलेखातली एकच उतरती रेघ तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकते, हे मनात ठेवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

चराईची खूण म्हणून प्लँटॅगो लॅन्सिओलाटा पाहतात. इसबगोलाच्या जवळच्या नात्यातली ही वनस्पती तुडवलेल्या कुरणात फोफावते. धान्याचे परागकण ३७ मायक्रॉनपेक्षा मोठे असतात, पण ग्लिसेरियासारखी पाणगवतंही त्या मापात येतात. एकट्या मोठ्या गवती परागकणावर ‘शेती सुरू झाली’ असं लिहिलेले निष्कर्ष नंतर मागे घ्यावे लागलेले आहेत. धान्य, शेतातली तणं आणि उतारावरून आलेली माती एकत्र दिसेपर्यंत थांबा.

पुरातत्त्वाशी गाठ शक्य तितकी जवळून बांधा. डार्टमूरवर इ.स.पू. १५०० च्या सुमाराच्या दगडी सीमा, ज्यांना तिथे रीव्ह म्हणतात, मैलोन्‌मैल पसरल्या आहेत. त्यांच्या अगदी शेजारच्या पीटमधून कोअर घेतला तर सीमा आखण्याआधीच कुरण तयार होतं की नंतर झालं, हे थेट विचारता येतं. २०११ मध्ये व्हाइटहॉर्स हिलवर, ६०० मीटर उंचीवर, पीटमध्येच एक दगडी पेटी उघडली गेली. इ.स.पू. १७०० च्या आसपासच्या दहनातल्या अस्थी, अस्वलाचं कातडं, विणलेली टोपली, अंबराचे आणि कथलाचे मणी. पेटीभोवतीचं पीट तेव्हाही साचत होतं, त्यामुळे ज्या माणसांनी ती पुरली त्यांच्या डोळ्यांसमोरचा माथा कसा होता हे परागकणांतून वाचता आलं. असं ठिकाण सापडलं तर अवशेषाखालचा, बरोबरीचा आणि वरचा, तिन्ही थरांचे नमुने घ्या.

लिहिताना आणि नंतर

आलेख टिलिया या संगणकप्रणालीत किंवा आर भाषेतल्या संचांनी काढा. एकाच पानावर, एकाच खोलीच्या अक्षावर परागकण, कोळसा, शेणबुरशी, ओल आणि सेंद्रिय भाग शेजारी शेजारी ठेवा. वेगळ्या पानांवर ठेवलेल्या रेघा मनात हव्या तशा जुळवल्या जातात. प्रत्येक बदलासमोर मी तीन रकाने करतो: कोणत्या खुणा एकत्र हलल्या, कोणत्या हलल्या नाहीत, आणि माणसाशिवायचं सर्वांत चांगलं स्पष्टीकरण कोणतं. मधला रकाना बहुतेक लेखांत नसतो. तो छापा.

कोअरचा अर्धा भाग न वापरता गुंडाळून ठेवा, त्याच्या खोलीच्या नोंदींसकट. पीटमधल्या प्राचीन डीएनएसारख्या पद्धतींना उद्या तोच लागेल. स्लाइडवरची मूळ मोजणी, टक्केवारी नव्हे, निओटोमासारख्या खुल्या संग्रहात द्या, सोबत तारखांचे प्रयोगशाळा-क्रमांक आणि कोणता भाग तारखित केला तो तपशील. भारतातल्या डोंगरी पीटच्या नोंदी अशा संग्रहांत फार थोड्या आहेत, त्यामुळे निलगिरी किंवा तमिळनाडूतल्याच पळणी डोंगरांतून आलेला एक व्यवस्थित कोअरसुद्धा पुढच्या कित्येक अभ्यासांना लगेच वापरता येईल.